भारतीय नॅट करायचंय? दोन आसनी किट कापावं की एक आसनी मागवावं

नॅट या छोट्या जेट विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल करायचं म्हटलं की रंगाच्या आधी किटच्या डब्याचा प्रश्न येतो. मागे साताऱ्यात पोवई नाक्यावर ओळखीतल्या एका मुलाने तोच विचारला. एअरफिक्स कंपनीचं 1/72, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या मापाचं नॅट सहज मिळतंय, स्पेशल हॉबी कंपनीचं बाहेरून मागवावं लागेल, तर कुठलं घेऊ? त्याला 1965 च्या युद्धातलं भारतीय विमान हवं होतं. सातारा म्हणजे देशातली पहिली सैनिक शाळा जिथे 1961 साली सुरू झाली ते गाव. इथे मॉडेल कपाटात ठेवलं की बघायला येणाऱ्यांत एखादे निवृत्त सुभेदार काका असतातच, आणि ते नीट निरखून पाहतात.

एअरफिक्सचं नॅट म्हणजे टी.1, ब्रिटिशांचं दोन आसनी प्रशिक्षण विमान. रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाची 1979 पर्यंतची लाल विमानं हीच. लाल रंगात करायचं असेल तर बिनधास्त घ्या, पण भारताने हा प्रकार कधी वापरला नाही. आपलं नॅट एफ.1, एक आसनी लढाऊ.

मागची सीट झाकली की काम झालं, असं मलाही एकेकाळी वाटायचं. पण मापं बघा. टी.1 ची लांबी 9.68 मीटर, एफ.1 ची 8.74. पंखांचा विस्तार 7.32 विरुद्ध 6.73. 1/72 मध्ये लांबीत 13 मिलिमीटर आणि विस्तारात 8 मिलिमीटर फरक पडतो. अख्खं मॉडेलच जेमतेम 12 सेंटीमीटरचं, त्यात 13 मिलिमीटर म्हणजे डोळ्याला लगेच खुपतं. शिवाय पंख नुसता मोठा नाही, वेगळाच आहे. टी.1 ला आतल्या बाजूला फ्लॅप (उतरताना खाली झुकणारी पट्टी) आणि बाहेर आयलेरॉन (विमान कुशीवर कलवणारी पट्टी). एफ.1 चे आयलेरॉन आतल्या बाजूला, आणि चाकं खाली केली की तेच खाली झुकून फ्लॅपचं काम करायचे. म्हणजे जमिनीवर उभं दाखवताना तेही झुकलेले हवेत. चाकांची दारं हवेत अर्धवट उघडली की वेग कमी करणारे एअरब्रेक व्हायची. हवा आत घेणाऱ्या तोंडांच्या बाहेरच्या कडेत दोन्ही बाजूंना एकेक 30 मिमी एडन तोफ असायची, प्रशिक्षण विमानाला ती नाही.

मी हे किट कापून पाहिलंय. धड कापलं, सांधलं, पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासलं. धड बरं जमलं, पंख मात्र शेवटपर्यंत जमले नाहीत. दोष किटचा नाही, मी त्याच्याकडून भलतंच मागत होतो.

स्पेशल हॉबीचं किट महाग पडतं, आणि टपालाची वाट पाहावी लागते. अशा मर्यादित संख्येत निघणाऱ्या किटांत बहुधा जोडणीच्या खुंट्या नसतात, प्रत्येक भाग आधी कोरडा लावून पाहायचा. पहिलंच मॉडेल असेल तर जड जाईल. पण आकार बरोबर मिळतो, आणि माझ्या लेखी सगळा निकाल तिथेच लागतो. चुकलेला रंग पुन्हा काढता येतो, चुकलेला पंख कायमचा तसाच राहतो.

मागवताना डब्यावरचं नाव मात्र नीट वाचा. एफआर.1 लिहिलं असेल तर ते फिनलंडचं नाकात कॅमेरे असलेलं विमान; आपल्या नॅटला ती खिडकी नको. अजित लिहिलं असेल तर ते नॅटचंच सुधारलेलं भारतीय रूप, पण त्याचा पहिला नमुना 1975 साली उडाला. प्रत्येक पंखाखाली बॉम्ब किंवा टाक्या लावायच्या दोन-दोन टांगण्या असलेलं ते विमान 1965 किंवा 1971 च्या प्रसंगात बसवताच येत नाही. चौकाचौकांत उभ्या केलेल्या विमानांतही अजित असतात, त्यामुळे तिथले फोटो जपून वापरा. शिवाय ती पुन्हा पुन्हा रंगवलेली असतात.

मग तारीख ठरवा. ‘युद्धातलं नॅट’ एवढं पुरत नाही. 3 सप्टेंबर 1965 ला 23 स्क्वाड्रनच्या ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर पाकिस्तानी सेबर लढाऊ विमान पाडल्याची नोंद झाली. त्या दिवसाचं विमान करायचं तर चंदेरी. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांनी लढत दिली, वायुसेनेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. ते विमान करायचं तर त्याच काळातला, त्याच स्क्वाड्रनचा फोटो हाती आल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नका. वायुसेनेच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मग पांढरा, मध्ये हिरवा. जुनं डेकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायचं छापील चिन्ह, वापरताना केशरी लालसर छापलेला नाही ना, तेवढं पाहा.

त्या मुलाला मी स्पेशल हॉबीचं एक आसनी आणि 1965 चं चंदेरी सुचवलंय. चंदेरीत प्रत्येक ओरखडा दिसतो, म्हणून प्रायमरनंतर दोनदा घासायला सांगितलंय. आणि साताऱ्याच्या पावसाळी हवेत लॅकर दुधाळ होतं, तेव्हा जोडणी आत्ता करून घे, शेवटचा हात दिवाळीनंतर मार.