ग्रँड बँक्स ४२ : लाकडी घ्यावी की फायबरची?

अमेरिकन मरीन कंपनीने १९६३ साली हाँगकाँगमध्ये केनेथ स्मिथ यांच्या आराखड्यावरून 'स्प्रे' ही ३६ फुटी मोटरनौका बांधली. ग्रँड बँक्स मालिका तिच्यातूनच निघाली आणि ४२ फुटी नौका त्याच दशकात आली. १९७३ मध्ये कंपनीने लाकूड सोडून फायबरग्लास धरलं.

वेग किंवा जागा पाहून लाकडी आणि फायबरची या दोघींत निवड होणार नाही. दोन्हींची रुंदी साधारण साडेतेरा फूट, बूड पाण्यात सव्वाचार फूट. जुन्या नौकांत बहुधा १२० अश्वशक्तीची दोन फोर्ड लेहमन डिझेल इंजिनं असतात. ८ नॉटला (ताशी ८ सागरी मैल) ती निवांत चालतात. त्यापुढे रेटलं की डिझेल भराभर जळतं, वेग मात्र जेमतेम वाढतो.

लाकडी नौका स्वस्त मिळते, ती का हे आधी समजून घ्या. फळ्या फिलिपाईन महॉगनीच्या. खाऱ्या पाण्याने त्यांचं फारसं बिघडत नाही, घात करतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या चौकटींतून ते झिरपतं, मागच्या आडव्या भिंतीच्या कोपऱ्यांत साचतं आणि लाकूड आतून कुजतं. वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. पाणरेषेखालचे चार-सहा स्क्रू काढायला लावा. ते झिजलेले निघाले तर सगळ्या तळाचे स्क्रू बदलण्याचा खर्च किमतीत धरा. पाण्याखालचा धातू गंजू नये म्हणून लावतात ते जस्ताचे ठोकळे गरजेपेक्षा जास्त दिसले तर सावध व्हा. धातू वाचवण्याच्या नादात त्या धातूपाशी अल्कली तयार होते आणि आसपासचं लाकूड भुसभुशीत होतं.

फायबरच्या नौकेत बुडाची काळजी कमी. तळावर फोड येतात, पण तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. तिचं दुखणं वर, डेकमध्ये. सागवानी पट्ट्या असंख्य स्क्रूंनी बसवलेल्या असतात. प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा, आणि पाणी दोन थरांमधल्या गाभ्यात शिरलं की डेक मऊ पडतो. लहान हातोडीने ठोकत जा. टणत्कार संपून बद्द आवाज आला की तिथे पाणी आहे.

लोखंडी डिझेल टाक्या दोन्हींत त्रास देतात. इंधन भरायच्या तोंडाशी पाणी मुरून त्या वरच्या बाजूने गंजतात. बदलताना जुनी टाकी कापून काढावी लागते, कधी इंजिनही हलवावं लागतं.

जवळ लाकडी नौकांचा जाणता सुतार आणि छपराखालची जागा असेल तरच लाकडी घ्यावी. नाहीतर फायबरचीच, तीही डेक आणि टाक्या आधीच बदललेली, किंमत थोडी जास्त पडली तरी चालेल. लेहमनच्या सिम्स इंधन पंपाचं तेल वेगळं असतं आणि ते दर ५० तासांनी बदलायचं असतं. मालकाच्या वहीत त्याची नोंद नसेल तर भाव खाली आणा.