आश्रयाचा अर्ज त्याने लिहिला, सही माझी होती

आमच्या खाडीत दिवसा हातपाटीचा, म्हणजे हाताने रेती काढायचा, परवाना दाखवायचे आणि रात्री सक्शन पंप लावून रेती उपसायचे. काठ ढासळून काकांच्या भातखाचरात खारं पाणी शिरलं, तेव्हा मी तहसील कार्यालयात तक्रार दिली. आठ दिवसांनी चौघांनी मला जेटीवर गाठून हात मोडला. ‘पुढच्या वेळी दगड बांधून सोडू’ म्हणाले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच आहेत.

मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, कामाला होतो. पुढच्या कॉन्ट्रॅक्टला मायामीत उतरलो तो जहाजावर परत गेलोच नाही. ते बेकायदा होतं हे कबूल आहे. पण घरी परतायची भीती खरी होती.

न्यू जर्सीत ओळखीतून एक ‘साहेब’ भेटले. मराठी बोलायचे, कोकणातलेच म्हणाले. ‘बाळा, तुझं काम घरचं समजून करतो,’ या एका वाक्यावर मी त्यांना वकील मानलं. साडेचार हजार डॉलर ठरले, त्यात बाराशे ‘सरकारी फी’. आय-५८९ हा आश्रयाचा, म्हणजे घरी छळाची भीती आहे म्हणून अमेरिकेत राहू द्या असं मागण्याचा, फॉर्म तेव्हा फुकट होता. १०० डॉलर फी २०२५च्या कायद्याने आली. आईने आंब्याची कलमं गहाण टाकून पैसे पाठवले.

माझ्याकडे तक्रारीची पोच होती, पोलिसांतली नोंद होती, हाताचा एक्स-रे होता. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. ‘वाळूच्या भांडणाला तिथे कोण विचारतंय? स्टोरी मी बनवतो.’ कोऱ्या फॉर्मवर माझी सही घेतली. अमेरिकेत आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. राहिलेल्या पैशांसाठी त्यांनी तो चौदा महिने अडकवून ठेवला. मुदत चुकली की आश्रय जवळपास हातचा जातो. उरतं ते मुख्यतः परत पाठवू नका एवढंच मागणं, आणि त्यात जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे हे सिद्ध करावं लागतं.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारलं, ‘तुमच्या काकांना कुठे जाळलं?’

काका त्या वेळी घरी भात मळत असतील. अर्जात लिहिलं होतं की विरोधी पक्षाच्या टोळीने त्यांना मारलं, आणि गाव तर आपल्या राज्यातलंही नव्हतं. मी गप्पच झालो. मग रेती, पंप, हात, सगळं खरं सांगितलं. न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, ‘मग हे अर्जात का नाही?’ दुभाषी हिंदीचा होता, कारण फॉर्मवर माझी भाषा हिंदी टाकली होती. कोर्ट दुभाषी फुकट देतं आणि मराठीचा मागता येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ‘मुंबई-पुण्यात जाऊन का राहिला नाहीत?’ या प्रश्नाचीही माझी काही तयारी नव्हती. आपल्याकडच्या माणसाला तो विचारला जाणारच.

अर्ज फेटाळल्यावर एक खऱ्या वकीलबाई भेटल्या. नुसती गुंडांची भीती पुरत नाही, म्हणाल्या. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यांपैकी एका कारणाने छळ होतोय आणि पोलीस वाचवू शकत नाहीत किंवा वाचवणार नाहीत, हे दाखवावं लागतं. अधिकाऱ्यांच्या आशीर्वादाने चाललेल्या लुटीविरुद्ध उघड उभं राहणं हे राजकीय मत आहे, असं मांडता आलं असतं. जिंकलो असतो असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मांडण्यासारखं काहीतरी होतं. ते त्या बंद पिशवीतच राहिलं. आणि जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचा ठपका बसला की त्या देशाची दारं कायमची बंद होतात. मी त्यातून थोडक्यात वाचलो.

त्यांनी मला फॉर्मचा भाग ‘ई’ दाखवला. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर त्याने तिथे नाव, पत्ता आणि सही द्यायची असते. माझ्या फॉर्मवर तो कोरा होता. कागदोपत्री ते सगळं खोटं मी एकट्याने लिहिलं.

या सगळ्यातून सुटण्यासाठी, परतीच्या तिकिटासाठी किती गेले ते सोडा. कलमं अजून सुटलेली नाहीत.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या एका मुलाच्या आईने विचारलं, ‘तिकडे एक मराठी साहेब आहेत म्हणे, सही केली की काम होतं?’ पोराने फॉर्मचा फोटो पाठवलाय. भाग ‘ई’ कोराच आहे. उद्या सकाळी माझे कागद घेऊन मी त्यांच्या घरी जातोय.