गाडीमागे ट्रेलर: आठ महिन्यांचा अनुभव

ट्रेलर घेताना माझा सगळा जीव इंजिनात अडकला होता. डिझेल गाडी, ताकद भरपूर, मग अडचण कसली? आठ महिने आणि साधारण सहा हजार किलोमीटर झाल्यावर सांगतो, गाडी ओढेल की नाही हा प्रश्न एकदाही आला नाही. मागचं धूड ताब्यात ठेवताना मात्र घाम फुटला.

ट्रेलर एकाच अ‍ॅक्सलचा (म्हणजे चाकांची एकच जोडी) आहे, ओव्हररन ब्रेकचा (गाडी मंदावली की ट्रेलर पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात), भरून जास्तीत जास्त १००० किलोचा. गाडीला मागे ट्रेलर अडकवायचा ५० मिलिमीटरचा गोळा बसवून घेतला. ब्रेकवाला ट्रेलर किती किलोपर्यंत चालतो आणि बिनब्रेकचा किती, हे दोन आकडे गाडीच्या पुस्तिकेत असतात, ते मी पाहिले होते. गोळ्यावर वरून किती भार चालतो हा तिसरा आकडा माझ्या गाडीला १०० किलो आहे. त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात त्याची फळं मिळाली. मोकळा रस्ता, हलका उतार, वेग ८५. शेजारून एक मोठी बस पुढे गेली, वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर हेलकावे घ्यायला लागला. पहिला हेलकावा लहान, दुसरा मोठा, तिसऱ्याला गाडीचं बूडही सोबत हलायला लागलं. माझा पाय ब्रेककडे निघालाच होता. शेजारी मेहुणा होता, त्याचा ट्रेलरचा हात जुना. तो ओरडला, "दाजी, ब्रेक नको! पाय काढा नुसता, स्टिअरिंग सरळ धरा!" तसं केलं. वेग साठच्या खाली आला आणि ट्रेलर शहाण्यासारखा मागून यायला लागला. पुढचे दहा मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

घरी येऊन कारण शोधलं. जनरेटर आणि पाण्याचे कॅन उतरवायला सोपे म्हणून मी मागच्या दाराशी ठेवले होते. चाकांना अटकाव लावला, ट्रेलर सपाट उभा केला आणि कपलरखाली (ट्रेलरचं गोळ्यावर बसणारं तोंड) लाकडाचा ठोकळा देऊन तो घरातल्या वजनकाट्यावर टेकवला. एकूण वजन ९०० किलोच्या आसपास आणि काट्यावर फक्त ३५! वजन अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की नाक, म्हणजे ट्रेलरचं पुढचं टोक, हलकं होतं आणि शेपूट गाडीला हलवायला लागतं. तेच जड सामान अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे सरकवलं, दोरखंडाने घट्ट बांधलं, तर काटा ८५ वर गेला. म्हणजे एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या जवळपास, आणि १०० च्या आतही. तेव्हापासून तोच रस्ता, तशाच बसगाड्या, पण डोलणं नाही. नाक जड करायचं म्हणून सगळं पुढे रचू नका, हेही सांगतो. तसं केलं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात. शिवाय नाकावरचा भार गाडीच्या पेलोडमध्येच (गाडी माणसं-सामान मिळून किती वजन वाहू शकते त्यात) मोजायचा असतो. मागच्या सीटवर तिघे बसले असतील तर हिशेब पुन्हा करावा लागतो.

तक्रार एकच, ती वायरिंगची. ज्याने हिच (गोळ्याची जोडणी) बसवली त्याने डावा इंडिकेटर आणि ब्रेक लाइटच्या वायरींची अदलाबदल केली होती. ब्रेक दाबला की मी डावीकडे वळतोय असं मागच्याला दिसायचं. तीन आठवडे मला पत्ताच नाही! आता निघण्यापूर्वी बायको मागे उभी राहते, मी एकेक दिवा लावतो, ती हात वर करते. साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या अडकवतो, म्हणजे कपलर निसटलाच तरी ट्रेलरचा पुढचा दांडा त्यांच्यावर विसावतो, जमिनीत घुसत नाही. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक ओढणारी तार, वेगळी लावायची.

रिव्हर्स घेणं ही माझी आवडती फजिती. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरला आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात हलवला, की डोक्याचा गोंधळ कमी होतो. थोडंसंच वळवायचं, बिघडलं की पुढे घेऊन सरळ करायचं. नाही तर ट्रेलर आणि गाडी काटकोनात येतात आणि बंपरचा जीव जातो. माझा एक कोपरा गेलाच आहे.

मोठ्या उतारावर सुरुवातीपासूनच खालचा गिअर टाकतो. ओव्हररन ब्रेक ट्रेलरच्या ढकलण्यावरच चालतो, त्यामुळे मी उतारभर ब्रेकवर पाय ठेवला तर त्याचेही ड्रम सतत घासून तापतात. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर सोडतो. त्या फटीत कोणीतरी घुसतंच, घुसू दे.

टायरची हवा थंड असतानाच बघतो. ट्रेलर उभा राहून राहून टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का वाचून घेतला. थांबलो की दोन्ही हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) हाताच्या पाठीने जवळून चाचपतो. मागच्या फेरीत उजवा हब डाव्यापेक्षा बराच गरम लागला. आत बेअरिंगमधलं ग्रीस काळं पडून आटलेलं निघालं. या रविवारी दोन्ही बाजूंचं उघडायचं आहे. तोवर ट्रेलर घरासमोर उभा, चाकांना अटकाव लावून.