गुलाबी मनोरा भारी, सोबतचा प्लॅनर फालतू
लेक साडेतीनची, घरीच शिकवतोय म्हणून हा मॉन्टेसरीवाला गुलाबी मनोरा मागवला. 10 लाकडी ठोकळे, सगळ्यात छोटा 1 सेंमीचा नि मोठा 10 चा, प्रत्येक आधीच्यापेक्षा 1 सेंमीने मोठा, त्यामुळे रचताना चुकलं की तिचं तिलाच दिसतं, आपण मध्ये बोलायची गरजच नाही (मला तेच सगळ्यात अवघड जातं!). फिनिशिंग छान. छोटा ठोकळा मात्र दोनदा सोफ्याखाली गेला, घरात रांगतं बाळ असेल तर जपा, सरळ तोंडात जाईल. प्लॅनर तीन दिवसांत बंद केला, सोमवारी हेच मंगळवारी तेच असं कुठं असतं का, आता लेक कोणतं साहित्य उचलते ते मी वहीत लिहिते नि दुसऱ्या दिवशी तसे साहित्याचे ट्रे लावते.