रंकाळ्यावर "हर्बल काळी मेंदी" म्हणून पोरींच्या हातावर केसांचा डाय लावला, ८६० रुपये घेऊन

सुट्टीत पोरांना घेऊन कोल्हापूरला रंकाळ्यावर जाणार असाल तर आधी हे वाचा. मेंदी टॅटूवाल्यांची तऱ्हा सगळ्यांना माहितीच आहे, बोर्डावर एक रेट आणि हातावर दुसरा, त्यामुळं तेवढं सोडते. पैशाचं एवढं वाईट नाही वाटलं जेवढं पोरींच्या हाताचं वाटतंय.

नणंदेची पोरगी मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. अंबाबाईचं दर्शन झालं, संध्याकाळी भेळ खायला चौपाटीवर गेलो. तिथं एकजण टेबल टाकून बसलेला, "कोणतंही डिझाईन १०० रु., १०० टक्के नॅचरल, नो साइड इफेक्ट". भाची बसली की आमची कशाला मागं राहील, "आई मी पण काढतो". काढून झाल्यावर म्हणतोय १०० चं ते बोटाएवढं, वैनी हे मोठं डिझाईन, ३५० एका हाताचं. वर "प्रोटेक्शन कोट" म्हणून चमकी मारली, त्याचे प्रत्येकी ८०. म्हणजे ८६०. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं तर "भावाचं हाय वैनी, टेन्शन नका घेऊ".

पण खरं कळायला पाहिजे होतं ते त्याच्या आधी. डोळ्यासमोरून जात नाही ते. त्यानं डब्यातली काळी पावडर स्टीलच्या वाटीत काढली, त्यात छोट्या बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी ओतलं आणि जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकानं ढवळलं. वास नाकात बसला, मेंदीचा नाही, नीलगिरीचा पण नाही, सलूनमध्ये डाय लावताना येतो तो. आणि ढवळायच्या आधी स्वतःच्या हातात ग्लोव्हज घातले! स्वतःला ग्लोव्हज आणि पोरींच्या उघड्या हातावर ते लेपतोय. सासूबाई म्हणाल्या पण, "मेंदी अशी काळी कुठली गं, आणि अर्ध्या तासात धुवायची?" मीच म्हटलं, आई आता नवीन प्रकार आलेत. आता कोणी म्हणेल तुम्हाला कळलं नाही का, तर गर्दी बघा तिथली, रांगेत चांगल्या घरच्या बायका, एक तर स्वतः नर्स आहे म्हणत होती, तिनं पण पोराच्या दंडावर विंचू काढून घेतला. तिला संशय आला नाही तर मला कुठून येणार?

आपली खरी मेंदी रात्रभर ठेवायची, वर लिंबू-साखर, तव्यावरच्या लवंगांचा धूर, तेव्हा कुठं सकाळी केशरी होते आणि पुढच्या एक-दोन दिवसांत गडद तपकिरी. काळीकुळकुळीत आणि ती पण अर्ध्या तासात, असली मेंदीच नसते. त्यात पीपीडी असतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे केस काळे करायच्या डायमधलं केमिकल. हे मला स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोपर्यंत नावसुद्धा ऐकलं नव्हतं. डायच्या पाकिटावर तरी आपल्याकडं कायद्यानं इशारा छापायला लागतो की आधी थोडं लावून टेस्ट करा, भुवया-पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. युरोपात तर केसांच्या डायमध्ये सुद्धा जास्तीत जास्त २ टक्केच चालतं आणि कातडीवर लावायला बंदीच आहे, टॅटूच्या असल्या पेस्टमध्ये मात्र त्याच्या कित्येक पट सापडलेलं आहे. आणि इथं वाटीत अंदाजपंचे पावडर.

भाचीला दुसऱ्याच दिवशी खाज सुटली, पुण्याला जाताना गाडीतच हात लालभडक, घरी पोचेपर्यंत पाण्याचे फोड, आणि ते कसे तर बरोबर फुलपाखराच्या आकारात, रेघ न् रेघ उठलेली. आमचीला काहीच नाही, म्हणून नणंद फोनवर म्हणाली तिथलं पाणी-बिणी बाधलं असेल. मग आठवड्यानंतर आमचीचा हात उठला. डॉक्टर म्हणाले भाचीनं आधी कधीतरी असला टॅटू काढला असणार, आणि खरंच, मागच्या सुट्टीत गोव्याला बीचवर काढला होता, तेव्हा काही झालं नाही पण अंगानं ते लक्षात ठेवलं, म्हणून यावेळी लगेच. पहिल्यांदाच लावलं की रिअ‍ॅक्शन यायला आठवडा-दोन आठवडे पण जातात. म्हणूनच यांचा धंदा चालतो हो! फोड येईपर्यंत गिऱ्हाईक आपापल्या गावाला, आणि हा टेबल उचलून दुसरीकडं.

खर्च लिहिते: इथं डॉक्टर ६००, औषधं १,१४०, परत दाखवलं त्याचे ३००. पुण्यात १,००० फी आणि औषधं १,७८५. टॅटूचे ८६० धरून ५,६८५ रुपये. नणंदेनं पैसे मागितले नाहीत पण बोलायची पण बंद झालीय, जसं काय मीच वाटी ढवळली.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत गेलो तर "८६० रुपयासाठी तक्रार?" मी म्हटलं रुपयासाठी नाही, पोरीच्या हाताचे फोटो बघा, तर म्हणे दवाखान्यात जावा. फेरीवाल्यांचं बघणाऱ्या ऑफिसात गेलो, तिथं साहेब जेवायला, आले तर म्हणाले आम्ही जागा बघतो, वाटीत काय आहे ते औषधाचं खातं बघणार. त्या खात्यात गेलो तर सॅम्पल आणलंय का? अहो सॅम्पल पोरीच्या हातावर आहे! पावती आहे का? रंकाळ्यावर कोण पावती देतं, भेळवाला देतो का? पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला, नाव आहे, तारीख आहे, वेळ आहे, तर म्हणे हे मोबाईलचं दुकान आहे, मेंदीचा पुरावा कुठाय. परत अर्ज लिहून द्या, दोन प्रतीत, झेरॉक्स खाली मिळेल, झेरॉक्सवाला बंद. अर्ज दिला, पोच मागितली तर शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. शेवटी १९१५ ला, ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला, निदान तक्रार नंबर तरी हातात आला.

कोणी असला टॅटू काढला असेल तर रंग लगेच साबणानं धुवून टाका, राहिला तरी लक्ष ठेवा. हळद, टूथपेस्ट, लिंबू काही चोळू नका, आमच्याकडं कोरफड लावून झाली, उपयोग शून्य. फोड फोडू नका. डोळे-ओठ सुजले किंवा दम लागला तर वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि ज्याला एकदा झालं त्यानं पुढं केसांना काळा डाय लावायचा विचार सोडून द्यायचा, ही अ‍ॅलर्जी बहुतेक जन्माची असते. दाताच्या डॉक्टरला पण आधीच सांगा, बधिर करायच्या काही मलमांनी तसंच होऊ शकतं. दुकानातले इन्स्टंट काळे कोन पण त्यातलेच असू शकतात, पुडक्यावर घटक छापले नसतील तर घेऊच नका.

आमचीच्या मनगटावर आता ड्रॅगनचा पांढुरका डाग राहिलाय, काही महिने जातील म्हणतात. शाळेत पोरं चिडवतात म्हणून फुल बाह्यांचा ड्रेस घालून जाते, या उकाड्यात.

तो टेबलवाला परत दिसला नाही. लाल टोपी, निळं टेबल, फ्लेक्सवर फुलपाखरू. कोणाला दिसला तर बोर्डासकट आणि वाटीसकट फोटो काढून ठेवा, त्या साहेबांना पुरावा पाहिजे होता ना.