झोळीखालचे सोबती : ‘द सॉरो ऑफ वॉर’ वाचताना

बाओ निन्ह या व्हिएतनामी लेखकाची ‘द सॉरो ऑफ वॉर’ ही कादंबरी युद्ध संपते तिथून सुरू होते. १९७५ साली दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेच्या हाती पडले, व्हिएतनाम युद्ध थांबले, आणि त्यानंतरच्या पहिल्याच कोरड्या हंगामात उत्तर व्हिएतनामच्या सैन्यातला किएन पठारावरच्या जंगलात पुन्हा येतो. या खेपेला त्याच्या तुकडीकडे काम आहे ते बेपत्ता सैनिकांचे अवशेष शोधून गोळा करण्याचे. याच जंगलात १९६९ मध्ये त्याची बटालियन जवळजवळ नामशेष झाली होती आणि त्याच्यासह अवघे दहा जण वाचले होते. रात्री तो ट्रकच्या हौद्यातच झोळी बांधून झोपतो. झोळीखाली दिवसभरात गोळा केलेले अवशेष गुंडाळून ठेवलेले असतात. मी ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा याच चित्रापाशी थांबलो, कारण पुढची सगळी कादंबरी एका अर्थाने याच झोळीत घडते.

युद्धातून वाचलेल्या माणसाचे एकटेपण आपण बहुधा ‘आता त्याचे कोणी उरले नाही’ अशा शब्दांत समजून घेतो. किएनची गोष्ट वेगळी आहे. त्याला मेलेल्यांचीच इतकी सोबत आहे की जिवंत माणसाला त्याच्याजवळ बसायला जागा उरत नाही. जंगलात पत्ते खेळत बसलेले सोबती, एकेकाचे नाव, एकेकाची लकब, आणि कोण कुठे व कसा गेला, हे सारे त्याला वर्षानुवर्षे भेटायला येत राहते. हानोईत परतल्यावर तो लेखक होतो खरा, पण कागदावर त्याला हवी असलेली गोष्ट उतरतच नाही. त्या गोष्टीला बाजूला सारून मेलेलेच पानापानावर येऊन बसतात.

या ओझ्याच्या मुळाशी काय आहे, हे होआच्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते. जखमी सैनिकांना सीमेपलीकडे नेणारी ही तरुण वाटाडी रस्ता चुकते आणि त्याबद्दल किएन तिच्यावर संतापतो. थोड्याच वेळात अमेरिकी गस्तपथक कुत्र्यासह जखमींच्या रोखाने येताना दिसते, तेव्हा होआ त्या कुत्र्यावर गोळी झाडते आणि पथकाला स्वतःच्या मागे घेऊन दुसरीकडे पळते. ती त्यांच्या हाती सापडते. झाडीत लपलेल्या किएनच्या हातात हातबॉम्ब असतो, पण तो टाकला तर मागच्या जखमींचा ठावठिकाणा कळेल, म्हणून तो तसाच माघारी फिरतो. जखमींना नदीपार नेल्यावर होआ कुठे आहे, असे कोणीच विचारत नाही, आणि काही काळाने किएनलाही तिचा विसर पडतो. मला या प्रसंगात सर्वांत जास्त लागतो तो हा विसर. तिचे मरण तेव्हा रोजच्या व्यवहारातले झाले होते. त्याची किंमत कळायला शांतता यावी लागली, आणि कळली तेव्हा ज्याच्यापाशी ती फेडावी असे कोणी उरले नव्हते. वाचलेल्याचे ऋण असे व्याजासह परत येते, हे इतक्या थोडक्या पानांत सांगणारे लेखन माझ्या वाचनात फार नाही.

किएन जिंकलेल्या बाजूचा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हरलेल्याला निदान शोक करण्याची मोकळीक असते. विजेत्याचे दुःख मात्र कोणाच्याच हिशेबात बसत नाही. उत्तरेकडे परतणाऱ्या आगगाडीत सैनिकांचे ना कोणी कौतुक करते, ना विचारपूस. विजयाच्या दिवशीचे विमानतळावरचे दृश्य तर वाचवत नाही : जल्लोषात धुंद झालेले सैनिक एका मृत स्त्रीच्या देहाची विटंबना करतात, आणि ज्या क्षणाची वर्षानुवर्षे वाट पाहिली तो क्षणच किएनसाठी नासतो. लेखक स्वतः याच सैन्यात लढलेला आहे, त्यामुळे इथे कुठेही बाहेरच्या माणसाची हळहळ नाही. १९९० मध्ये ही कादंबरी व्हिएतनाममध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी अनुवादाला १९९४ मध्ये ब्रिटनमधील ‘इंडिपेंडंट फॉरेन फिक्शन प्राइझ’ मिळाले.

तक्रारीही आहेत. किएनची शाळेपासूनची प्रेयसी फुओंग हिच्यावर, त्याला आघाडीकडे नेणाऱ्या आगगाडीच्या प्रवासातच, अत्याचार होतो. युद्धानंतर दोघे पुन्हा भेटतात, पण एकत्र राहू शकत नाहीत. तीही युद्धातून वाचलेलीच आहे, तरी तिचे एकटेपण आपल्याला जवळजवळ सर्वत्र किएनच्या नजरेतूनच दिसते. तिचे सौंदर्य आणि तिचे ‘बदलणे’ याबद्दल लेखक जितके बोलतो, तितके तिच्या मनात काय चालले असेल याबद्दल बोलत नाही. पोटमाळ्यावर राहणारी मूक स्त्री ही व्यक्तिरेखा मात्र मला फार पटली. मद्याच्या अमलाखाली किएन तिला आपले सगळे सांगतो, कारण ती उत्तर देऊ शकत नाही. तो निघून गेल्यावर त्याची विस्कटलेली पाने तीच जपून ठेवते.

मांडणीबद्दल आधीच सावध करतो. कालक्रम सरळ नाही. एकाच परिच्छेदात दहा वर्षे मागे-पुढे जातात, आणि एकच मृत्यू दोन-तीनदा, दर वेळी थोड्या अधिक तपशिलासह, समोर येतो. पहिल्या वाचनात मी चिडून कागदावर सनावळ्या लिहायला घेतल्या होत्या. शेवटाकडे दुसरा एक निवेदक येतो आणि हाती आलेली पाने आपण कशी लावली ते सांगतो, तेव्हा हा विस्कटलेपणा कुठून आला ते कळते. दुसऱ्या वेळी मी सनावळ्यांचा कागद बाजूला ठेवला आणि दररोज वीस-पंचवीस पानेच वाचली. एका बैठकीत वाचण्याचे हे पुस्तक नव्हे. अत्याचाराची वर्णने ज्यांना सोसवत नाहीत, त्यांनी आघाडीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या प्रवासाची पाने ओलांडून पुढे जावे.