कीटो आहारावर स्नायूवाढ : एका बारा आठवड्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमाचे परीक्षण

भरपूर स्निग्ध पदार्थ, अत्यल्प कर्बोदके आणि तरीही बारा आठवड्यांत डोळ्यांत भरेल अशी स्नायूवाढ, असे आश्वासन देणारा एक ऑनलाइन कार्यक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याचे नाव येथे देत नाही, कारण याच साच्यातले अनेक कार्यक्रम उपलब्ध आहेत आणि मला दिसलेले गुणदोष बहुतांशी त्या साच्याचेच आहेत. वर्गणी भरल्यावर एक अ‍ॅप, वजनानुसार आखलेला आहार, आठवड्यातील चार दिवसांचा व्यायाम, लघवीतील कीटोन (कर्बोदके कमी पडली की यकृत चरबीपासून बनवते ते इंधन) तपासण्याच्या पट्ट्यांची डबी आणि संदेशांना उत्तर देणारा प्रशिक्षक असे सारे मिळते. पहिले चार आठवडे शरीराला कीटोसिसची, म्हणजे साखरेऐवजी मुख्यतः चरबी व कीटोनवर चालण्याची, सवय लावण्याचे, पुढचे सहा अतिरिक्त कॅलरी खाण्याचे आणि शेवटचे दोन कर्बोदके परत आणण्याचे, अशी त्याची रचना आहे.

आहाराची आखणी हा या कार्यक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. नियमित वजने उचलणाऱ्या ७५ किलो वजनाच्या माणसासाठी तो दिवसाला सुमारे २,८०० कॅलरी धरतो आणि त्यांपैकी ७० टक्के स्निग्ध पदार्थांतून, २५ टक्के प्रथिनांतून व ५ टक्के कर्बोदकांतून घ्यायला सांगतो. म्हणजे सुमारे २१८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १७५ ग्रॅम प्रथिने आणि ३५ ग्रॅम कर्बोदके. यातला प्रथिनांचा आकडा मला विशेष आवडला. कीटोजेनिक आहार १९२१ साली मेयो क्लिनिकमधील डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि त्याच्या पारंपरिक रूपात स्निग्ध पदार्थांचे वजन प्रथिने व कर्बोदके यांच्या एकत्रित वजनाच्या चौपट असते. हे प्रमाण उपचारासाठी ठरवलेले आहे. वजने उचलणाऱ्याने ते जसेच्या तसे स्वीकारले, तर स्नायू बांधायला लागणारी प्रथिने तुटपुंजी पडतात. तरीही ‘प्रथिने जास्त झाली की त्यांची साखर होते आणि कीटोसिस मोडतो’ या धास्तीपायी बरेच कीटो आराखडे प्रथिनांवर कात्री चालवतात. यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करते हे खरे, पण ते प्रामुख्याने शरीराच्या गरजेनुसार चालते. थोडी जास्त प्रथिने खाल्ली म्हणून सगळा डाव उधळत नाही. २०१८ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४९ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांपर्यंत स्नायूवाढीला फायदा होत असल्याचे दिसले होते. हा कार्यक्रम त्याहून वरच राहतो, आणि ते योग्यच आहे.

सवयीच्या चार आठवड्यांतील सूचनाही जबाबदारीने लिहिलेल्या आहेत. कर्बोदके कमी झाली की इन्शुलिनची पातळी उतरते, मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात, आणि डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे, पायात गोळे येणे असा त्रास सुरू होतो. त्याला कीटो फ्लू म्हणण्याचा प्रघात आहे. येथे पहिल्या दिवसापासून मीठ, पाणी आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम देणारे पदार्थ यांचे वेळापत्रक दिलेले असल्यामुळे हा टप्पा सुसह्य होतो. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनाविषयी अ‍ॅप आपणहून बजावते, की ते बहुतांशी पाणी आहे: शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (स्नायू व यकृतातील कर्बोदकांचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि साठा रिकामा होताना तेही निघून जाते. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण शेवटच्या टप्प्यात तो कुठेच आढळत नाही.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. त्या लघवीतील अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मोजतात. रक्तातील प्रमुख कीटोन मात्र बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट असतो. शरीर सरावले की पट्टीचा रंग फिका पडू लागतो आणि माणूस विनाकारण घाबरून उरलेली कर्बोदकेही तोडतो. सुरुवातीच्या आठवड्यांनंतर ती डबी बाजूला ठेवावी.

खरी अडचण मधल्या सहा आठवड्यांत, म्हणजे कार्यक्रमाच्या गाभ्यातच येते. स्नायू वाढवायचे तर खर्चापेक्षा थोडे अधिक खाणे उपकारक ठरते, आणि कीटोसिसचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे भूक मंदावणे. ज्या गुणामुळे हा आहार चरबी उतरवण्यासाठी लोकप्रिय झाला, तोच गुण येथे आडवा येतो. एका ग्रॅम स्निग्ध पदार्थात ९ कॅलरी असतात, त्यामुळे २,८०० हा आकडा कागदावर सोपा दिसतो. पण अंडी, मासे, सुकामेवा, चीज आणि तेल यांच्यातून तो रोज गाठताना तिसऱ्या जेवणाला ताटावर बसण्याचीही इच्छा राहत नाही. त्यावर प्रशिक्षकाचे उत्तर एकच : एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या साखळीच्या स्निग्धाम्लांचे तेल) वाढवा. हे तेल पचनमार्गातून थेट यकृताकडे जाते आणि त्याचे कीटोन लवकर बनतात, याबद्दल वाद नाही. मात्र प्रमाण एकदम वाढवल्यास पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात, ही सूचना कार्यक्रमात कुठेही दिलेली नाही. परिणामी ज्या टप्प्यात अतिरिक्त कॅलरी मिळायला हव्यात, त्याच टप्प्यात बहुतेक दिवस त्या कमी पडतात. अ‍ॅपमध्ये नोंदी नीट भरल्या की ही तूट आलेखात स्पष्ट दिसते, तरीही साप्ताहिक अहवाल अभिनंदनानेच सुरू होतो.

व्यायामाचा आराखडा वाईट नाही, पण तो या आहारासाठी बनवलेला वाटत नाही. जड वजनाचे पाच-सहा आवर्तनांचे सेट प्रामुख्याने स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनवर, म्हणजे काही सेकंद पुरणाऱ्या झटपट ऊर्जेच्या साठ्यावर, चालतात, त्यामुळे कर्बोदके नसतानाही त्यांत फारसा फरक पडत नाही. याउलट पंधरा आवर्तनांचे आणि मध्ये केवळ एका मिनिटाची विश्रांती असलेले सेट ग्लायकोजेनवर अवलंबून असतात, आणि कार्यक्रमात भरणा नेमका त्यांचाच आहे. तिसऱ्या सेटला हातपाय जड होतात ते इच्छाशक्ती कमी पडल्यामुळे नव्हे. सेट थोडे जड, आवर्तने कमी आणि विश्रांती अडीच-तीन मिनिटांची ठेवली असती, तर हाच आराखडा अधिक उपयोगी ठरला असता. व्यायामापूर्वी २५ ते ५० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा जो पर्याय अनेक खेळाडू वापरतात, तो येथे शेवटच्या दोन आठवड्यांसाठी राखून ठेवला आहे. तो मधल्या टप्प्यातच द्यायला हवा होता. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन (हाच झटपट ऊर्जेचा साठा वाढवणारे पूरक) घेण्याचा सल्ला मात्र अचूक आहे, आणि त्याने कीटोसिसला बाधा येत नाही.

आता शेवटच्या दोन आठवड्यांविषयी. कर्बोदके परत येतात, वजन झपाट्याने चढते, स्नायू भरीव दिसू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी अंतिम मापे व छायाचित्रे घेतली जातात. जी वाढ बारा आठवड्यांचे फळ म्हणून दाखवली जाते, तिच्यातला मोठा भाग ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबत परतलेल्या पाण्याचा असतो. डेक्सा तपासणीतही (शरीरातील चरबी व इतर वस्तुमान क्ष-किरणांनी मोजणारी तपासणी) हे पाणी चरबीविरहित वस्तुमानातच गणले जाते, त्यामुळे यंत्राच्या आकड्यानेही भुलून जाऊ नये. जेकब विल्सन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हेच चित्र दिसले होते : वजने उचलणाऱ्या तरुणांना दहा आठवडे कीटो आहारावर ठेवून अकराव्या आठवड्यात कर्बोदके परत दिली, तेव्हा त्या एका आठवड्यात त्यांच्या चरबीविरहित वस्तुमानात मोठी उडी नोंदली गेली. एका आठवड्यात स्नायू इतके वाढत नाहीत. दुसरीकडे, २०१८ साली साल्वादोर वार्गास आणि सहकाऱ्यांनी सरावलेल्या २४ पुरुषांवर केलेल्या आठ आठवड्यांच्या चाचणीत अतिरिक्त कॅलरींचे नियोजन असूनही कीटो गटाची चरबी उतरली, पण चरबीविरहित वस्तुमानात ठळक वाढ झाली ती कर्बोदके खाणाऱ्या गटात. माझा अनुभव या दुसऱ्या निष्कर्षाच्या जवळ जातो : कंबर कमी झाली, जड वजनांमधली ताकद टिकली, पण दंड आणि मांड्यांच्या मापात कर्बोदके परत येईपर्यंत सांगण्यासारखा बदल नव्हता.

म्हणून जाहिरातीतले ‘स्नायू वाढवा’ हे शब्द मी मान्य करणार नाही. चरबी उतरवताना असलेले स्नायू राखायचे असतील, तर मात्र हा कार्यक्रम चांगला आहे. २०१२ साली आंतोनिओ पाओली आणि सहकाऱ्यांनी जिम्नॅस्टवर केलेल्या अभ्यासातही महिनाभराच्या कीटो आहाराने ताकद न घटता चरबी कमी झाली होती. ज्यांना साखर आणि पिष्टमय पदार्थ सोडल्यावर खाण्यावर ताबा ठेवणे सोपे जाते, त्यांना तो विशेष मानवेल. सडपातळ अंगकाठीच्या, आधीच कमी भूक असलेल्या आणि वजन वाढवू पाहणाऱ्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅप सुटसुटीत आहे. प्रशिक्षक वेळेवर उत्तरे देतो, पण त्यातली निम्मी ठरावीक मजकुराची असतात.

सर्वांत गंभीर त्रुटी नोंदणीच्या अर्जात आहे. त्यात वय, उंची, वजन आणि उद्दिष्ट विचारले जाते. औषधांविषयी एकही प्रश्न नाही. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीची रक्तशर्करा कर्बोदके अचानक कमी केल्यास धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि मधुमेहावरील एसजीएलटी-२ गटातील गोळ्या घेणाऱ्यांना शर्करा फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात कीटोन साचून ते आम्लधर्मी होण्याची जीवघेणी अवस्था) होण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय असा आहार सुरू करू नये. काही जणांचे एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल या आहारावर बरेच वाढते, त्यामुळे सुरुवातीपूर्वी आणि दोन-तीन महिन्यांनी लिपिड तपासणी करून घ्यावी. एलडीएल चढलेले आढळल्यास लोणी व चीज कमी करून ती जागा असंपृक्त तेले, सुकामेवा आणि मासे यांना द्यावी, आणि तेवढ्याने ते उतरले नाही तर डॉक्टरांशी बोलून कर्बोदके पुन्हा सुरू करावीत.